एका ताटातलं एकमत

रत्नप्रभाने ताट पुढे सरकवलं, पण स्वतः काही उचललं नाही.

आलूबोंड्यांतून वाफ निघत होती. टेबलाभोवतीचे तिघे थांबले. मिलची रीतच होती. बैठकीत काही ठरलं, की एकच ताट फिरायचं आणि प्रत्येकाने त्यातला घास खायचा. पटलं नसेल त्याने उचलायचं नाही. मागे एकदा भागीदार बाहेर जाऊन चार तोंडांनी बोलले आणि पुसदची ही तेलाची मिल बुडता बुडता वाचली. तेव्हा मोठ्या साहेबांनी, म्हणजे नीळकंठरावांनी, ही रीत घातली. त्यानंतर कोणी घास नाकारला नव्हता.

"मॅडमले एकादशी दिसते आज," खरेदी सांभाळणारे वामनराव म्हणाले.

"एकादशी नाही वामनराव, बॉयलर." मिलच्या सगळ्या यंत्रांचा कारभार रत्नप्रभाकडे होता. तिने आवाज चढू दिला नाही. "नळ्या पातळ झाल्या. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकते, परवा ठोकून मोकळा करावा लागला. अन् तुम्ही म्हणता, उद्यापासून दाब वाढवा. हप्ताभर बंद ठेवू, नळ्या बदलू."

"ताई, तेल उचलणारा व्यापारी उद्या मिल पाहायला येतोय," नीळकंठरावांचा मुलगा श्रेयस म्हणाला. विक्री त्याच्याकडे होती. "चिमणीतून धूर दिसला नाही, तर तो तसाच अकोल्याच्या मिलकडे जाईल."

नीळकंठरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"बाई, बाहेरचे लोकं आपल्या तोंडाकडं पाहून राह्यले. तीन तोंडं इकडं अन् एक तिकडं दिसलं, का मिल फुटते."

"अन् बॉयलर फुटला तं?"

पंख्याखाली कागद फडफडले.

"तुमच्या खुर्चीवर बसायले लोकं टपून हायेत, असं मी म्हणत नाही," नीळकंठराव हळूच म्हणाले. "मी फक्त ताट थांबवून राह्यलो."

रत्नप्रभाने एकेकाकडे पाहिलं. वामनराव स्वतःची नखं बघत होते. श्रेयसने फोन पालथा घातला. या तिघांना खरंच काही वाटत नसेल? मग आपणच भित्र्या. यंत्रांशेजारी जन्म गेला की माणसाला प्रत्येक आवाजात मरण ऐकू येतं, असं तिचे वडील म्हणायचे.

तिने आलूबोंडा उचलला. आतला बटाटा कढत होता. जीभ भाजली, तरी तिने गिळला.

"झालं एकमत," नीळकंठराव म्हणाले.

व्हरांड्यात येताच तिने बहिणीच्या मुलाला फोन लावला. प्रफुल्ल सकाळपाळीला बॉयलरवर असायचा.

"उद्या ड्यूटीवर येऊ नको."

"काहून मावशी?"

"आईले घेऊन उमरखेडले जा. दवाखान्यात दाखव."

"आईले काय झालं? आता तं भाकरी थापून राह्यली ते."

"काही नाही झालं. जा म्हटलं ना!"

फोन पर्समध्ये टाकताना चेन दोनदा अडकली. पदर नीट करून ती बॉयलरघराकडे गेली. भिंतीला हात लावला असता तर थरथर कळली असती. तिने लावला नाही. बाहेर सावलीत बाया डबे सोडून बसल्या होत्या. कुणाची तरी थट्टा चालली होती.

सुपरवायझर प्रेमसिंग दारातच भेटला.

"प्रफुल्ल उद्या येणार नाही," ती म्हणाली. "घरी काम आहे."

"घ्या! तोबी?" प्रेमसिंगने कपाळावर हात मारला. "मॅडम, उद्या सकाळपाळीतल्या साऱ्यायच्या घरी लगन हाय का?"

"साऱ्यायच्या म्हणजे?"

"मोठ्या सायबांचा पुतण्या उद्या नागपूरले चालला, आताच फोन आला त्यायचा. वामनरावांच्या जावयाच्या पोटात दुखते. अन् श्रेयसभाऊचा साळा तं सकाळीच सांगून गेला, उद्या नाही म्हणून."

"सकाळीच?"

"हो. काहून?"

बैठक दुपारी बसली होती.

"जाऊ द्या," प्रेमसिंग हसला. "प्रफुल्लच्या जागी माह्या पोराले उभा करतो. धावजीले. वरीसभर मागं लागला माह्या, मिलमध्ये लावून द्या म्हणून."

"त्याला नको," ती पटकन म्हणाली.

प्रेमसिंगचं हसू विरलं.

"काहून मॅडम? तांड्यावरचा बंजारा हाय म्हणून?"

"तसं नाही रे."

"मंग कसं?"

ऑफिसच्या पायऱ्यांवरून तिघे खाली उतरत होते. तिला प्रेमसिंगशी बोलताना पाहून तिघेही थबकले. नीळकंठरावांनी तिच्याकडे नजर रोखली. वामनरावांनी मान दुसरीकडे वळवली. श्रेयस गाडीची किल्ली खिशात शोधू लागला.

प्रेमसिंग अजून उत्तराची वाट बघत होता.

"चालते," रत्नप्रभा म्हणाली. "बोलाव त्याला."

त्याने तिथल्या तिथे फोन लावला. बॉयलरच्या घरघरीत ऐकू जावं म्हणून तो दुसऱ्या कानावर हात धरून ओरडला, आणि सावलीतल्या बायाही कौतुकाने वळून बघू लागल्या.

"धावजी! अरे, लागला तू! सायबायच्या माणसाच्या जागेवर घेतलं तुले!"