यादीतलं नववं नाव

जिल्हा सभागृहातून आलोइसकडे जो कागद आला तो छापील तक्ता होता. त्यात चार रकाने होते : अनुक्रमांक, दुरात्म्याचे नाव, कूळ, शेरा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माहिती खोटी आढळल्यास अर्जदार जबाबदार राहील.' आलोइसने अर्ज केला नव्हता. पण सेपिक नदीच्या काठाला सरकारचा कागद पोचला, की ज्याच्या हातात तो पडतो तो अर्जदार होतो, हे त्याला सत्तर वर्षांत कळून चुकलं होतं.

तक्त्यात नऊ ओळी आखल्या होत्या, कारण सभागृहाला नऊ खांब होते. ते नऊही खांब आलोइसने कोरले होते. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी नदीकाठच्या नऊ कुळांनी एकेक खोड आणून टाकलं आणि आपापल्या मूळपुरुषाचा चेहरा सांगितला. लांबलचक नाकं, शिंपल्यांचे डोळे, हनुवटीखाली लोंबणाऱ्या जिभा. आलोइस तेव्हा विशीतला होता, मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलेला. उद्घाटनाला जर्मन फादर ह्युबर्टनी एकेका खांबावर पवित्र पाणी शिंपडलं. आठव्या खांबाशी पाणी संपलं, तेव्हा नदीतून तांब्याभर आणवलं, त्यावर क्रूस केला आणि उरलेल्या दोघांनाही ख्रिस्ती करून टाकलं. म्हणजे खांबांचा बाप्तिस्मा होऊन पन्नास वर्षं होत आली होती. सभागृहातल्या बहुतेक सभासदांचा त्यानंतर झाला होता. काहींचा दोनदा.

दोनदा झालेल्यांत जिल्हाध्यक्ष होता. तो आलोइसचा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा. लहानपणी फादरनी त्याचं नाव बोनिफास ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी अभ्यासदौऱ्यावर ब्रिस्बेनला गेला असताना तिथल्या एका तरणतलावात तो पुन्हा बुडी मारून आला तो एलिशा होऊन. आलोइसने त्याला कधी बोनिफास म्हटलं नाही की एलिशा. भाच्या म्हणायचा.

तक्ता घेऊन आलोइस कचेरीत गेला. बाहेर डोर्कासबाई टंकयंत्राच्या काळापासून त्याच खुर्चीवर बसलेली होती.

"भरला का, आजोबा?"

"नाही. विचारायला आलोय."

"विचारा, पण भरा. काळ्या शाईने. निळी चालत नाही."

"दुरात्म्यांना?"

"वरच्या ऑफिसला," डोर्कासबाई म्हणाली आणि सुपारीबरोबर खायची विड्याच्या वेलाची शेंग चुन्यात बुडवून दाताखाली घातली. सुपारीने तिचं तोंड लाल झालं होतं, आणि सुपारी खाऊ नये अशी पाटी तिच्या डोक्यावर होती.

आत भिंतीवर दोन झेंडे होते, एक देशाचा आणि एक, बायबलातला देश म्हणून, इस्रायलचा. इस्रायलचा जरा मोठा होता. एलिशा टेबलामागे आणि खिडकीपाशी क्वीन्सलँडचे पास्टर ब्रेट, अर्ध्या चड्डीत, अंगभर डासांचे फोड. माणूस वाईट नव्हता. आलोइसला पाहून उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी हात धरला.

"भाच्या," आलोइस बसत म्हणाला, "दवाखान्यात आठ महिने औषध नाही, ते खांबांमुळे?"

"तिसऱ्या खांबामुळे, मामा. पास्टरना तसं दर्शन झालं."

"आणि रस्ता वाहून गेला तो?"

"रस्ता सहाव्याकडे."

खातेवाटप नीट झालं होतं. आलोइसने मान हलवली. "रस्ता तर तुझ्या मेहुण्याने बांधला होता."

"त्यालाही सहाव्यानेच भुरळ घातली, मामा. बिचारा रडत होता परवा."

"मी पण ख्रिस्ताचाच माणूस आहे रे. चाळीस वर्षं देवळात प्रार्थना चालवतोय. मला त्या खांबांनी कधी काही केलं नाही."

"म्हणून तर यादी तुमच्याकडे मागितली. दुसऱ्या कुणी खोटी नावं दिली असती."

पास्टर ब्रेट पुढे झुकले. "पापा आलोइस, त्याला त्याच्या नावानेच हाकलावं लागतं. नुसतं 'नीघ' म्हटलं की नऊच्या नऊ एकमेकांकडे बघत बसतात. हल्ली सरकारी ऑफिसात होतं तसं." आणि ते मनापासून हसले. एलिशाही हसला, थोडा उशिराने.

"आधी नावं, मग करवत," एलिशा म्हणाला. "शनिवारी सकाळी दहाला. नऊही नावं पुकारून झाली, आत्मे निघाले, की लाकूड नुसतं लाकूड. मग कापायला भीती नाही. जुलैच्या आत जिल्हा स्वच्छ." जुलैत निवडणूक होती.

आलोइस उठला. दाराशी थांबून म्हणाला, "भाच्या, होडीत तुझ्या कानात मी काय सांगितलं होतं, आठवतं ना?"

एलिशाचा फोन वाजत होता. "सगळं आठवतं, मामा," तो फोन उचलत म्हणाला. "सगळं."

आलोइसला तेवढं पुरलं.

नदीकाठी पोराला नाव मामा देतो. आपल्या कुळातलं, कुठल्या तरी पूर्वजाचं. ते नाव रोज वापरायचं नसतं. तीन वेळा उच्चारतात : जन्मल्यावर, मुलगा घर सोडून निघताना आणि मेल्यावर. मेल्यावर मामाकडची माणसं काठावर उभी राहून नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून ते नाव हाका मारून पुकारतात, म्हणजे तिकडचे पूर्वज न्यायला येतात. नाव नसेल तर कुणी येत नाही. फादर ह्युबर्टना हे विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, पुकारा खुशाल, देवालाही ऐकू जाईल. पास्टर ब्रेटना कुणी विचारलं नव्हतं.

भाच्याला आलोइसने दिलेलं नाव यामानग्वान. पहिल्या पुरात गवताच्या तरंगत्या बेटावर बसून आलेला, त्यांच्या कुळाचा मूळपुरुष. नवव्या खांबावरचा चेहरा त्याचाच. पोरगं बारा वर्षांचं असताना बोर्डिंगला निघालं, तेव्हा होडीत आलोइसने त्याच्या कानात ते पुन्हा सांगितलं. पोराने पाण्याकडे बघत तीनदा घोकलं आणि म्हणालं, "नाही विसरणार, मामा." नाकातून शेंबूड वाहत होता. बहीण काठावर उभी होती. पुढच्याच वर्षी ती गेली, आणि सुट्ट्यांमध्ये पोरगं आलोइसच्याच घरी जेवलं, झोपलं, मासे धरायला शिकलं.

त्यामुळे आलोइसचा हिशेब सोपा होता. इतर आठ कुळांची नावं त्याच्या मालकीची नव्हती. ती देण्याचा त्याला अधिकारच नव्हता. नववं त्याचं होतं. ते तो खरं लिहिणार होता. भाचा माइकवर आठ नावं पुकारील आणि नवव्याशी येऊन थांबेल. स्वतःला नीघ म्हणणार कसा? गडबडेल, खोकेल, पास्टरच्या कानात काही तरी पुटपुटेल, बैठक तहकूब करील. तहकूब करण्यात सभागृहाचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा तहकूब झालेली गोष्ट पुढची पन्नास वर्षं जागची हलली नसती, आणि त्याबरोबर खांबही.

त्याने काळ्या शाईने तक्ता भरला. पहिल्या आठ ओळींत जुन्या बोलीतले शब्द लिहिले, जे आता म्हातारी माणसंच बोलत. चिखलातला काटेरी मासा. लंगडी कुत्री. होडीतलं पाणी उपसायची करवंटी. करपलेली साबूच्या पिठाची भाकरी. पाचवा शब्द प्रार्थना चालवणाऱ्या माणसाने लिहावा असा नव्हता, पण कागदावर चांगला दुरात्म्यासारखा दिसत होता. खोट्याबद्दल त्याने आठ वेळा क्रूस केला. नवव्या ओळीत सावकाश लिहिलं : यामानग्वान. शेरा या रकान्यात काय लिहावं ते त्याला सुचलं नाही. त्याने 'आपलाच' असं लिहिलं.

शनिवारी मैदान भरलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला निळा सदरा फुकट होता. छातीवर एलिशाचा फोटो आणि खाली 'शुद्ध जिल्हा, शुद्ध मत'. सदरा घालून आलेल्यांना भातही होता. त्यामुळे ज्यांचे पूर्वज आज हाकलले जाणार होते ते सगळे वेळेवर हजर होते. आलोइस सावलीत बाकावर बसला. शेजारी त्याच्याच वयाची सिसिलिया येऊन टेकली. तिने सदरा उलटा घातला होता.

"माझ्या कुळाच्या बापाचं नाव दिलंस का रे, मेल्या, त्यांना?" तिने कानाशी येऊन विचारलं. "दिलं असशील तर इथंच तुझी जीभ उपटीन. त्या खांबावरच्यासारखी लोंबेल."

"ऐक तर आधी."

कीबोर्ड वाजला. पास्टर ब्रेटनी प्रार्थना केली. ती खरंच चांगली होती. रोगी, विधवा, औषधावाचून गेलेली पोरं, सगळ्यांची नावं त्यांनी घेतली, आणि घेताना त्यांचा आवाज फुटला. आलोइसनेही डोळे मिटून आमेन म्हटलं. मग एलिशा पहिल्या खांबासमोर जाऊन उभा राहिला, एका हातात माइक, एका हातात तक्ता.

"ऐक, काटेरी माशा!" तो जुन्या बोलीतला शब्द वाचत गरजला. "येशूच्या नावाने सांगतो, नीघ!"

गर्दी ओरडली, "नीघ! नीघ!"

सिसिलियाने निळा सदरा ओढून तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदत होते. पलीकडे बसलेले दोन म्हातारे एकमेकांना कोपराने ढोसत होते.

"लंगड्या कुत्रे, तुझी सत्ता संपली!"

"आलोइस," सिसिलिया गुदमरत म्हणाली, "मी मरेन रे."

आलोइसही हसत होता. तिसऱ्या खांबापर्यंत हसला. मग त्याने नीट पाहिलं. भाचा औषधं अडवल्याबद्दल करवंटीला शाप देत होता, कपाळाच्या शिरा फुगवून, अगदी मनापासून. याच पोराने ती करवंटी धरून आलोइसच्या होडीतलं पाणी उपसलं होतं, किती तरी सुट्ट्या. 'मामा, कुठाय ती?' असं तोच शब्द वापरून विचारायचा. काटेरी मासा त्याच्या टाचेत शिरला होता, तेव्हा दोन दिवस त्याच माशाचं नाव घेऊन रडला होता.

"त्याला कळत नाहीये," आलोइस म्हणाला.

"कशाला कळेल?" सिसिलिया डोळे पुसत म्हणाली. "बरंय की. करपली भाकरी आली बघ."

भाकरी गेली. पाचवा शब्द माइकवरून नदीपलीकडे ऐकू गेला आणि मैदानातल्या सगळ्या म्हाताऱ्या एकदम खाली वाकल्या. पास्टरना वाटलं, पवित्र आत्मा उतरला. त्यांनी हात वर केले. सहा, सात, आठ. लाकूडतोड कंपनीचा माणूस यंत्राच्या करवतीत तेल घालत होता.

एलिशा नवव्या खांबासमोर आला. घाम पुसला. तक्त्यावर नजर टाकली.

तो थांबला.

आलोइस बाकावरून अर्धा उठला. भाचा कागदाकडे बघत होता. त्याचे ओठ हलले, एकदा, पुन्हा एकदा, होडीत हलले होते तसे. मग त्याने तक्ता पास्टर ब्रेटसमोर धरला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. पास्टरनी चष्मा वर करून पाहिलं आणि त्याला अक्षरं लावून दाखवली. या. मान. ग्वान.

"यामानग्वान!" एलिशा ओरडला. आधीच्या आठांच्या वेळी लावला नव्हता इतका आवाज त्याने लावला. "तू कोण आहेस ते मला माहीत आहे!"

सिसिलियाचं हसू बंद झालं. तिने तोंडातला सदरा काढला आणि आलोइसकडे पाहिलं. त्या मुलाची नाळ तिने कापली होती, आणि नाव उच्चारलं तेव्हा ती तिथंच होती.

"या जमिनीवर तुला जागा नाही! या पाण्यावर नाही! तुझं नाव पुन्हा कुणी घेणार नाही! नीघ!"

"नीघ! नीघ! नीघ!" मैदान ओरडलं. ते बराच वेळ ओरडत राहिलं, कारण पास्टर म्हणाले, हा सगळ्यांत चिवट आहे, सोडू नका. शेवटी एलिशा मागे कलला. दोघांनी त्याला धरलं. मग करवत सुरू झाली, नवव्यापासूनच.

कठीण लाकूड होतं. एकेका खांबाला दहा-बारा मिनिटं लागली. बारा वाजता भात वाढायला सुरुवात झाली, तेव्हा फक्त दोन उभे होते. पत्रे तोलायला लोखंडी नळ्या आधीच लावून ठेवल्या होत्या. त्या एका कामाचं नियोजन चोख होतं. सिसिलिया न जेवता गेली. जाताना आलोइसच्या डोक्यावर हात ठेवून गेली.

एलिशा भाताची ताटली घेऊन मामाजवळ येऊन बसला. सदरा ओलाचिंब, डोळे लाल, चेहऱ्यावर तेज.

"जेवा, मामा. तुम्ही नसता तर आज हे झालं नसतं."

"हं."

"शेवटचा बघितलात ना? अंगातून काही तरी उपटून काढावं तसं झालं. कोणाचा होता हो?"

आलोइसने त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीला आलेला माणूस, कानशिलं पांढरी झालेली. नाक मात्र आईचं.

"होता एकाचा," तो म्हणाला.

"गेला एकदाचा. मला कसं हलकं वाटतंय माहितेय? आतून अगदी रिकामं." एलिशाने भाताचा घास घेतला. "तुम्ही का खात नाही?"

समोर नववा खांब चिखलात उताणा पडला होता. शिंपल्याचा एक डोळा निखळला होता आणि दुसरा आभाळाकडे बघत होता. आलोइसला वाटलं, उद्या-परवा या पोराचं काही बरंवाईट झालं तर आपण काठावर जाऊन उभे राहू. वरच्या अंगाला तोंड करू. आणि मग पुकारणार काय?

"ताटली खाली ठेव," तो म्हणाला. "हात धरून मला होडीपर्यंत ने. पाय उचलत नाहीत. चल, एलिशा."

एलिशाचा घास हातातच राहिला. त्याचा सगळा चेहरा उजळला.

"पास्टर!" तो मैदानापलीकडे ओरडला. "पास्टर ब्रेट! ऐकलंत का? मामाने मला नावाने हाक मारली!"