हिरामणचं नाक

धाटावच्या रसायनांच्या कारखान्यातून हिरामण निवृत्त झाला तेव्हा त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. नाकाची कीर्ती मात्र चालू राहिली. पिरिडीन आणि ॲनिलीन, दोन्ही ताजी असली की पाण्यासारखी दिसतात, दोन्हींना मासळीचा वास. हा झाकण उघडताच सांगायचा, "हे पिरिडीन, नीट न सुकलेला बोंबील. ते ॲनिलीन, शिळा जवळा." आई हौसा पेणच्या बाजारात सुकी मासळी विकायची, तेव्हा नाकाचं शिक्षण पाटीपाशीच झालेलं.

एकेकाळी त्याच्या हाताखाली राबलेला प्रविण आता कारखान्यात मॅनेजर होता. नव्या भरतीला चार गोष्टी सांगा म्हणून त्याने बोलावलं. पण दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून हिरामणला वास येईनासा झाला होता, आणि हे फक्त बायकोला, इंदुबाईला ठाऊक.

"जाऊ नका. हसं होईल," ती म्हणाली.

"नाकाशिवाय मला तिथं ओळखतंय कोण गो?" म्हणत त्याने कासू स्टेशनवर गाडी पकडली.

टेबलावर दोन बिनचिठ्ठीच्या बाटल्या. नवी पोरं मोबाईल सरसावून उभी. हिरामणने झाकण काढलं, हाताने हवा नाकाकडे ओढली. काहीच नाही. मग त्याने शांतपणे दोन चंचुपात्रांत पाणी मागवलं. एका बाटलीतले थेंब पाण्यात विरघळून दिसेनासे झाले. दुसरीतले तेलासारखे तळाशी जाऊन बसले.

"विरघळलं ते पिरिडीन. त्याचा नायट्रोजन अणूंच्या कड्यातच बसलेला, घरच्या माणसासारखा; पाण्याशी लगेच जमतं त्याचं. तळाशी बसलं ते ॲनिलीन. त्याचा नायट्रोजन कड्याबाहेर, ओटीवर बसलेला पाहुणा."

पोरं हसली. प्रविणही सुटल्यासारखा हसला. इथे थांबला असता तर अब्रू शाबूत होती. पण नव्या पोरांतली पेणची दिपिका म्हणाली, "काका, आता नाकाने सांगा की! त्यासाठीच थांबलोय."

हिरामणने तिच्याकडे पाहिलं, मग प्रविणकडे.

"नाक गेलं माझं. दोन वर्षं झाली."

मोबाईल खाली आले. प्रविण मान खाली घालून म्हणाला, "काका, सांगायचं व्हतंत."

"सांगितलं असतं तर बोलावलं असतंस?" हिरामणने पिरिडीनची बाटली दिपिकापुढे सरकवली. "तू घे, पोरी. दुरून, हाताने. नि मला सांग."

तिने नाक मुरडलं. "शी! गटार."

"गटार नाय. नीट बघ."

"कडवट... घशाला लागतोय."

"व्हय," हिरामणने डोळे मिटले. "आणखी सांग."