राहीबाईंनी मला ऊद दाखवला

मी वाइडबँड गेज बोलतोय. थांबा, लगेच कपाळाला आठ्या घालू नका! नाव जड असलं तरी काम सोपं आहे. धुराचा वास घ्यायचा आणि इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल किती जळतंय ते सांगायचं. आकडा लहान म्हणजे पेट्रोल जास्त, आकडा मोठा म्हणजे पेट्रोल कमी. टर्बोच्या गाडीत पाय पूर्ण दाबला की आकडा बाराच्या जरा खाली हवा. तेरा-चौदाकडे सरकला तर पिस्टन वितळायची पाळी येते. संपली माझी शाळा, आता गंमत ऐका.

मला घडवणाऱ्यांना कसली लहर आली होती कोण जाणे! माझं नाक एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. नाक म्हणजे सेन्सर, अंगठ्याएवढा, धुराच्या नळीत बसणारा. तोंड म्हणजे डॅशबोर्डवरचा गोल डबा, त्यात लाल आकडे. मधे लांबलचक वायर. शिंक आली तर कुठून द्यायची, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

कुरिअरने मी उंब्रजला आलो आणि संयोगिताने माझं खोकं फोडलं. कऱ्हाडला बँकेत नोकरी करणारी ही मुलगी स्टिअरिंग हातात आलं की बँक विसरते. गाडी मात्र तिच्या वडिलांची, लालासाहेबांची. त्यांनी आयुष्यभर लष्कराचे ट्रक ताफ्यात चालवले आणि निवृत्तीनंतर ही लाल टर्बो गाडी घेतली. तीही ते ताफ्यातच असल्यासारखी चालवत. बिचाऱ्या टर्बोला फुंकर मारायला संधीच मिळत नव्हती.

दहिवडीच्या बाजूला एका घाटात रविवारी वेळ लावून गाड्या पळवायची स्पर्धा होती. संयोगिताने नाव दिलं होतं. लालासाहेबांनी अट घातली.

"संयु, ह्यो गेज बसव. पाय पुरा दाबल्यावर आकडा बाराच्या खाली ऱ्हायला, तर किल्ली तुझी. न्हाईतर घाट लांबनंच बघायचा."

म्हणजे पोरीचा रविवार माझ्या तोंडावर लटकलेला! मला तर नव्या नवरदेवासारखं चढलं होतं.

मला बसवायला विट्याहून गुंडा मिस्त्री आला. हात चांगला, पण तोंडाची टकळी हाताहून जोरात. त्याने नळीला नाकासाठी नट वेल्ड केला, मागचा सडका पाइप काढून नवा चकचकीत टाकला आणि वायर रबरी बुचातून आत घेतली. लाल वायर मात्र गप्पांच्या नादात हॉर्नच्या फ्यूजला जोडली. हॉर्न दाबला की मी गपकन विझायचो! ती सुधारली, तर काळी वायर रंगावरच आवळलेली, त्यामुळे माझे डोळे मिचमिचायला लागले. गुंडाने रंग खरवडून पत्रा उघडा केला.

"आरं, माज्या गाडीचा रंग खरवडतोस व्हय!" लालासाहेब कळवळले.

"आबा, पत्र्याला पत्रा भिडल्याबिगर करंट फिरत न्हाई."

शेवटचं काम महत्त्वाचं होतं. नळीत बसण्याआधी माझ्या नाकाला एकदा स्वच्छ हवा हुंगवावी लागते. ती एकदा शिकलो की पुढचा सगळा धूर मी तिच्याशीच ताडून बघतो. गुंडाने नाक चाकाजवळ मोकळं टांगलं, किल्ली फिरवली आणि तो चहाला गेला.

आता या घरात गाडीला नवीन काही बसलं आणि त्याची पूजा झाली नाही, असं होत नाही. वायपरच्या रबराला हळदकुंकू लावणारं घर हे! लालासाहेबांच्या आई राहीबाई ताट घेऊन आल्या. त्यांनी डब्याच्या काचेवर कुंकू लावलं, मग वायर चाचपत चाचपत गाडीला वळसा घालून चाकापाशी पोचल्या.

"आगं बया, ह्येचं नाक हितं हाय व्हय!" म्हणाल्या आणि निखाऱ्यांनी भरलेलं धुपाटणं त्यांनी थेट माझ्या नाकाखाली धरलं.

ऊद काय, कापूर काय, अहाहा! मी नवखा, मला काय कळतंय? मला वाटलं, हीच ती शुद्ध हवा. घेतली शिकून.

मग मी नळीत बसलो. संयोगिताने पाय दाबला आणि मी ऐटीत दहा दाखवले. "ताई, पेट्रोल लय जातंय," म्हणत गुंडाने लॅपटॉपवर ते कमी कमी करत आणलं. मी साडेअकरावर आलो. लालासाहेबांनी शेजारी बसून मान डोलावली. संयोगिता पाना हातात धरून अंगणात नाचली, आणि मला नाचता येत नाही म्हणून मी नुसताच लुकलुकलो.

पुढे आठवडाभर चढाला इंजिन टकटक करायचं आणि जास्त तापायचं. ती माझ्याकडे बघायची. मी छातीठोकपणे सांगायचो, साडेअकरा!

शनिवारी सकाळी राहीबाई गाडीला तीट लावायला निघाल्या. त्यासाठी काजळाची डबी कोण उघडतंय? लालासाहेबांच्या जुन्या स्कूटरपासून त्यांची रीत ठरलेली, सायलेन्सरात बोट घालायचं आणि काजळी काढायची. त्यांनी बोट घातलं. स्वच्छ निघालं. दुसरं घातलं, तेही स्वच्छ.

"संयु, तुज्या गाडीला काजळीच न्हाई गं. आता तीट कशाची लावू?"

संयोगिता हसली आणि हसता हसता थांबली. पेट्रोल एवढं भरपूर जळत असेल तर पाइप काळा व्हायला हवा. तिनेही बोट घालून बघितलं. मग येऊन माझ्यासमोर बसली.

"खोटं बोलतोस व्हय रं?"

लालासाहेब आत दाढी करत होते. राहीबाईंना आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. संयोगिता गप्प राहिली असती तर उद्याचा घाट तिचाच होता. तिने आपलं कोरं बोट पुन्हा एकदा उलटसुलट करून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती उतरली आणि अंगणातूनच ओरडली.

"आबा, गेज चुकतोय! पेट्रोल कमी पडतंय. उद्या गाडी न्यायची न्हाई."

लालासाहेब अर्ध्या गालावर फेस घेऊनच बाहेर आले. त्यांनी आईचं बोट तपासलं, पाइप तपासला आणि गुंडाला फोन लावला. गुंडा आला तो डोकं खाजवतच.

"आसं हुईलच कसं? म्या तर ह्येला मोकळी हवा दिलती."

"मोकळी कशी?" राहीबाई म्हणाल्या. "म्या ऊद दाखवला की!"

मग गुंडा मटकन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. लालासाहेब हसले तसा गालावर वाळून गेलेला फेस उडून त्याच्या डोक्यावर पडला.

आम्ही सगळे पवनचक्क्यांच्या माळावर गेलो. नाक पुन्हा काढलं, वाऱ्यावर टांगलं. राहीबाईंनी हात मागे बांधले होते. अहाहा, खरी हवा! आधी शिकलो ते सगळं वाहून गेलं. परत नळीत बसलो, संयोगिताने पाय दाबला आणि मी तेरा ओलांडले. गुंडाचं हसू मावळलं.

"ताई, घाटात इंजिन बसलं असतं."

त्याने काढलेलं पेट्रोल परत दिलं. दुपारपर्यंत मी साडेअकरावर आलो, या वेळी खरोखरचा. लालासाहेबांनी खिशातून किल्ली काढली.

"आकडा बरा झाला म्हणून देत न्हाई," ते म्हणाले. "वाईट हाय त्ये तू सोताहून सांगितलंस, म्हणून देतोय."

आणि आज रविवार. संयोगिता शेवटून तिसरी आली आणि पहिली आल्यासारखी किंचाळली. आता आम्ही परत निघालोय, म्हणून तर बोलायला वेळ मिळाला. धूर हुंगून माझं नाक पुढेमागे झिजेल, दुसरं येईल. त्यालाही आधी माळावर न्या, मग खुशाल पूजा करा, एवढंच मागणं आहे.

गाडी लालासाहेब चालवतायत, अर्थातच ताफ्यातल्यासारखी. समोर रस्ता सरळ आणि रिकामा आहे.

"संयु, ह्यो टर्बो नेमका लागतो कवा?"

"पाय दाबा की, आबा."

माफ करा हं, मला कामाला लागलं पाहिजे. पाय खाली चाललाय! तेरा, बारा, साडेअकरा! लालासाहेब पोरासारखे "हुर्र्र" करून ओरडतायत, संयोगिता टाळ्या पिटतेय आणि मागच्या सीटवर हँडल गच्च धरून राहीबाई म्हणतायत,

"दमानं रं, लालू! दमानं... आनि आता आनखी जरा!"