चार वाजता फाटणारे चेहरे

दुकानामागच्या स्वयंपाकघरात फरशीवर चमचा पडला, टण्णकन. अर्ध्या तासाची शांतता मोडली. कॉम्प्युटरसमोर श्वास रोखून उभ्या असलेल्या तीसेक माणसांनी एकदम मागे वळून पाहिलं. धागेवाल्या गुरूंनी मिटलेले डोळे उघडलेसुद्धा नाहीत. नुसतं बोट तिकडे केलं.

"पाहा. त्या हातात काही टिकत नाही."

तो हात माझ्या थोरल्या जाऊबाईंचा होता.

आमचं दुकान जुने फोटो दुरुस्त करण्याचं. लोक आपल्या मेलेल्या माणसांचे फाटके, कसर लागलेले फोटो आणतात. मी ते स्कॅन करते आणि जाऊबाई कॉम्प्युटरवर बसून गेलेला डोळा, अर्धा कान, कोटाचं हरवलेलं बटण परत भरतात. एकेका चेहऱ्याला कधी आठवडा जातो. पण दोन महिने झाले, भलतंच सुरू झालं होतं. सकाळी गिऱ्हाइकाने डोळे भरून पाहिलेला चेहरा संध्याकाळी कॉम्प्युटरमधून नाहीसा व्हायचा. उरायचा तो जुना, फाटका. एका म्हातारीच्या नवऱ्याचं कपाळ तिसऱ्यांदा फाटलं, तेव्हा ती दुकानातच बसून रडली आणि गोष्ट गल्लीभर झाली.

मग गुरू आले. चार वर्षांपूर्वी हाच गृहस्थ खांद्याला वायरींची पिशवी अडकवून आमचा कॉम्प्युटर बसवायला आला होता. मध्यंतरी दाढी वाढली आणि आवाज पोटातून यायला लागला. मेलेल्याचा तरंग सुटा असतो म्हणे, त्याला नावाशी बांधावं लागतं. मग ते कीबोर्डवर पाच मिनिटं हात फिरवत, पुटपुटत, एकच कळ दाबत आणि घाम पुसून सांगत, धागा बांधला. आणि ज्या नावाला धागा बांधला, तो चेहरा खरोखर टिकायचा. एकदाही चूक नाही. लोक दक्षिणा देत, वर पायही धरत.

धागा नसलेले चेहरे का फाटतात, हे त्यांनी मामंजींना बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला म्हणजे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतकंच. "ज्या कुशीतून स्वतःचं लेकरू निसटलं, त्या बाईच्या हाताला मेलेली माणसं भितात."

जाऊबाईंचं बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं होतं. त्यानंतरच त्या या कामाला बसल्या.

त्या दिवसापासून त्यांना कॉम्प्युटरजवळ यायची बंदी झाली. भाऊजी परगावी नोकरीला, बाजू घ्यायला कुणी नाही. महिनाअखेरीस त्यांना माहेरी पाठवायचं ठरलं. मामंजी त्याला हवापालट म्हणत होते. कधी परत आणायचं, ते कुणीच बोललं नाही.

आणि मी काय केलं? माझी मुलगी चार वर्षांची. जाऊबाईंना ती मोठी आई म्हणते. घास त्यांच्या हातचा, झोप त्यांच्या मांडीवर. त्या दिवशी ती त्यांच्याकडे धावली आणि मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. माझी बोटं तिच्या दंडावर उमटली. जाऊबाईंनी पसरलेले हात थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छच होतं.

दुपारी मुलगी झोपली की मला तासभर मिळतो. त्या तासात मी कॉम्प्युटर उघडून बसू लागले. तिच्या दंडावरचे वळ गेले होते, पण माझी बोटं मला दिसत होती.

आमची पद्धत अशी. नीट केलेला फोटो 'आई-१२' अशा फोल्डरमध्ये राहतो. फाटक्याची प्रत 'आई-१२ जुने' या फोल्डरमध्ये. काम संपलं की 'जुने'वाल्याचं नाव टाकाऊ यादीत चढवायचं. दुपारी चारला आम्ही आत चहाला जातो, तेव्हा यादीतलं सगळं कॉम्प्युटर आपणहून पुसून टाकतो.

म्हणजे फाटकं जायला हवं आणि नीट केलेलं राहायला हवं. आमच्याकडे उलटं होत होतं. काय गेलं, त्यावर सगळी गल्ली रडली. काय मागे राहिलं, हे कुणी पाहिलंच नाही. शिवाय फाटलेला प्रत्येक चेहरा चारच्या ठोक्याला फाटला होता. मेलेल्यांना आमच्या चहाची वेळ कुणी सांगितली?

मग मी धागा बांधलेली नावं पाहिली. 'आई-१२' आणि 'जुने' यांच्यामध्ये जिथे आम्ही मोकळी जागा सोडतो, तिथे गुरूंनी एक आडवी रेघ ओढली होती. बस, हाच धागा. पूर्वी मामंजी नावं टाइप करत, तेव्हा सवयीने रेघ घालत. दोन महिन्यांपूर्वी त्यांची नजर अधू झाली आणि नावं घालायचं कामही जाऊबाईंकडे आलं. जाऊबाईंचं लिहिणं नेटकं. दोन शब्दांत स्वच्छ जागा सोडायची, हे शाळेत शिकलेलं त्या विसरल्या नव्हत्या. त्या नेटकेपणानेच त्यांचा घात केला.

पुसण्याची कमांड अवघ्या चार ओळींची होती, गुरू वायरवाले होते तेव्हा त्यांनीच लिहिलेली. तिला मोकळी जागा दिसली की एक नाव संपलं आणि दुसरं सुरू झालं, असं ती समजते. 'आई-१२ जुने' म्हणजे तिच्या लेखी दोन फोल्डर. 'आई-१२' सापडतं, ते पुसते. 'जुने' नावाचं एकटं काही सापडत नाही, ते सोडून देते. आठवड्याची मेहनत खलास, फाटका फोटो जागच्या जागी. कुणी नावात चुकून चांदणीचं चिन्ह टाकलं असतं, ज्याचा अर्थ कॉम्प्युटर 'सगळं' असा घेतो, तर अख्खं दुकान पुसलं गेलं असतं. उपाय एवढाच, की कमांडमध्ये नाव जिथे येतं तिथे त्याला अवतरणचिन्हांत बंद करायचं आणि यादी शब्दाशब्दाने न वाचता ओळीओळीने वाचायची. मग नाव कितीही शब्दांचं असो, ते एकच राहतं.

मुलीने काढलेल्या मांजराच्या चित्रावर मी तीन दिवस करून पाहिलं. जागा सोडली, मांजर गेलं. रेघ घातली, मांजर राहिलं. अवतरणचिन्हं घातली, जागा सोडूनही मांजर राहिलं. तिन्ही दिवस जाऊबाई वरच्या खोलीत होत्या.

पुढच्या शनिवारी गुरूंची बैठक भरली. त्यांच्या जाहिरातीचा फोटोही आमच्याकडेच झाला होता. पुढचे दोन पडलेले दात जाऊबाईंनी भरून दिले होते, दाढी काळी केली होती. त्याचं धागा बांधलेलं 'जुने' फोल्डर अजून टाकाऊ यादीत चढलं नव्हतं. मी कमांड पुन्हा पहिल्यासारखी करून ठेवली होती. पावणेचारला सगळ्यांदेखत मी त्या फोल्डरच्या नावातली रेघ काढली, जागा सोडली, यादीतही तसंच लिहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. गुरू म्हणाले, असा खेळ करू नये, अनर्थ होईल. कुणीतरी म्हणालं, तुम्ही तर जिवंत आहात, तुमचा तरंग कुठे सुटणार?

चार वाजले. पडद्यावर गुरू उरले ते बोळके, पांढऱ्या दाढीचे. आधी एक पोर हसलं, मग सगळं दुकान.

मी चार ओळी वाचून दाखवल्या, अवतरणचिन्हं घातली, पुन्हा करून दाखवलं. चमत्कार दिसला की एवढंच विचारा, असं मी लोकांना सांगितलं: किती वाजता झाला, आधी कुणी काय केलं होतं, आणि दुसऱ्याच्या हातून तो पुन्हा होतो का. बाईच्या कुशीकडे बोट दाखवून हरवलेलं काही सापडत नाही. लोकांनी माना डोलावल्या. ज्यांनी गुरूंचे पाय धरले होते तेच आता त्यांची दाढी धरायला निघाले, तेव्हा ते मागच्या दाराने पळाले.

मामंजींनी जिन्याखालून हाक मारली. "सूनबाई, खाली या. झालं गेलं विसरा. काम फार साचलंय."

जाऊबाई उतरल्या. हातात बॅग होती. मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "कॉम्प्युटरला नाव नीट कळलं नव्हतं. तुम्हा सगळ्यांना माझं नाव नीट माहीत होतं."

त्या उंबऱ्याशी चपला घालायला वाकल्या. मुलगी धावली नाही. माझं बोट घट्ट धरून तिने वर पाहिलं आणि हळूच विचारलं,

"आई, आता मोठ्या आईला हात लावला तर चालेल?"