इंदापूरचा धोंडुप

राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी येऊन नसरीन थांबली. धोंडुपसाठी कॅनडातल्या नोकरीचा अर्ज कॉम्प्युटरवर उघडलेला होता आणि यादीत दोनशेच्या वर देश होते. खाली खाली जात अगदी तळाशी तिला एक शब्द सापडला.

"हितं 'देशहीन' असं एक हाय," ती म्हणाली. "तेच निवडू?"

धोंडुप तिच्या मागं उभा होता. नसरीनचे वडील सिकंदर चहाचा कप घेऊन दाराला टेकले होते. ते म्हणाले, "आरं, सरळ इंदापूर लिही की. धा वर्सं झाली तुला आमच्यात."

"लिहायला जागाच न्हाय, चाचा. त्यांनी दिलंय त्यातलंच घ्यायचं," धोंडुप म्हणाला. मग हळूच नसरीनला म्हणाला, "निवड."

त्याचा जन्म गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतला. आजोबा सरहद्द ओलांडून आले तेव्हा त्याची आई यांगचेन वर्षाची होती, त्यांच्या पाठीवर बांधलेली. मोठी झाल्यावर ती दर हिवाळ्यात इंदापूरला यायची आणि एसटी स्टँडजवळ तंबू ठोकून स्वेटर विकायची. धोंडुप वीस वर्षांचा असताना एका जानेवारीत तिनं तंबू आवरला, पण सोबत आलेला धोंडुप परत गेला नाही. बारामती रस्त्यावर सिकंदरचं वर्कशॉप होतं. तिथं दुधाच्या स्टीलच्या टाक्या बनायच्या. आर्गन वेल्डिंगची ती बारीक निळी ज्योत त्यानं पाहिली आणि तिथंच चिकटला.

गावानं धोंडुपचा धोंडू केला. वडगाव निंबाळकरहून टाकी न्यायला येणारे बापूसाहेब तर त्याला धोंडिबाच म्हणायचे. टाकीच्या आतला सांधा असा घासावा लागतो, की बोट फिरवलं तरी कळू नये. जराशी खाच राहिली तर तिथं दूध अडकतं आणि नासतं. धोंडुपनं लावलेला सांधा बापूसाहेबांच्या बोटाला कधी सापडला नाही.

पण खोली भाड्यानं घ्यायची असो की सिमकार्ड, तो आपली निर्वासिताची नोंदवही पुढं करायचा आणि समोरचा माणूस ती उलटीपालटी करून बघत बसायचा. "चायनाचे का तुम्ही?" असंही कुणी विचारायचं. दरवेळी सिकंदर सोबत जाऊन सांगायचे, "आपलंच पोरगं हाय." लोक ऐकायचे. धोंडुपला मात्र त्या वेळी मान वर करवत नसे.

अर्जानंतर दोन महिन्यांनी वेल्डिंगची परीक्षा झाली. वर्कशॉपमध्ये कॅमेरा लावला, पाइपचे दोन तुकडे तिरके पक्के बसवले आणि कॅनडातल्या दोन माणसांच्या देखत त्यानं ते जोडले. एका आठवड्यानं नोकरीचं पत्र आलं. लेथब्रिज नावाच्या गावात दुधाच्याच टाक्या करायच्या होत्या.

सिकंदरनी पत्र नसरीनकडून दोनदा वाचून घेतलं. "जायलाच पायजे का?" त्यांनी विचारलं.

"चाचा, तुमी मला आपला म्हणता ते खरंच हाय. पण एकदा कागदावरही कुणाचातरी व्हायचंय मला."

सिकंदरची बायको फरिदा आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. सिकंदरनी पत्राची घडी घालून ते धोंडुपच्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तुझ्यासारखा सांधा मला दुसरा कुणी लावून देणार न्हाय. पण जा."

पासपोर्टऐवजी त्याला प्रवासासाठी सरकारची पिवळी वही मिळाली. तिच्यावर दोन वर्षांत परत येता येईल असा शिक्का होता. तो निरोप घ्यायला गोठणगावला गेला तेव्हा यांगचेन रडली नाही. "मी पाठीवरून आले," ती म्हणाली. "तू निदान स्वतःच्या पायानं चाललायस."

लेथब्रिजच्या कारखान्यात सगळ्यांना वाटायचं, तिबेटी माणूस म्हणजे थंडीची सवय असणारच. पण तो वाढला होता गोंदियाच्या उन्हात. बर्फ त्यानं तिथंच पहिल्यांदा बघितला. पहिल्या जानेवारीत पापण्यांचे केस गोठले तेव्हा रस्त्यात उभा राहून तो एकटाच हसला. हे कुणाला सांगावं, तेही मराठीत?

मराठी बोलायला तिथं कुणी नव्हतं. तो टाकीत उतरायचा, आतून झाकण ओढून घ्यायचा आणि काम करता करता मोठ्यानं म्हणायचा, "व्हय चाचा, बघतो. झालंच." स्टीलमधून त्याचाच आवाज घुमून परत यायचा. शरद ऋतूत साखरेच्या बीटानं भरलेले ट्रक जायचे. साखर कारखान्याचा वास यायचा, ओल्या मातीचा, उग्र. इंदापूरच्या उसाच्या वासाशी त्या वासाचं काही नातं नव्हतं. तरी तो गाडी कडेला घेऊन काच खाली करायचा.

तिसऱ्या वर्षी गोठणगावला यांगचेन विहिरीपाशी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. धोंडुपच्या पिवळ्या वहीवरच्या शिक्क्याची मुदत संपली होती, नवा मिळायचा होता, आणि कायम राहण्याच्या परवान्याचा निकाल लागायचा होता. कारखान्याच्या ऑफिसातली बाई त्याला म्हणाली, "आत्ता गेलात तर तिथं उतरू देतील याची खात्री नाही आणि इथं परत घेतील याचीही नाही."

त्यानं रडतच सिकंदरना फोन लावला. त्यांना गोठणगावहून आधीच कळलं होतं.

"रडू नगंस," सिकंदर म्हणाले. "आमी निघालोय. फरिदानं पिशवी भरली."

वर्कशॉपला कुलूप लावून दोघं दौंडहून रेल्वेनं गोंदियाला गेले. ऑपरेशन होईपर्यंत फरिदा दवाखान्यात यांगचेनच्या उशाशी बसून राहिली. नंतर ते तिला इंदापूरलाच घेऊन आले. सिकंदरनी पोलीस ठाण्यात तिच्या राहण्याची नोंद करून घेतली आणि अंगणालगतची खोली तिला दिली. दर रविवारी धोंडुप फोनवर आईला बघायचा. पहिल्यांदा ती काठी टेकत चार पावलं चालली तेव्हा त्यानं फोनवर हात ठेवला, जणू तोल गेला तर धरणार होता.

जाऊन सात वर्षं झाली तेव्हा त्यानं तिथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली. निळा पासपोर्ट मिळाला. भारतात यायला त्याला व्हिसा काढावा लागला, महिनाभराचा. मुंबईला अधिकाऱ्यानं इंग्रजीत विचारलं, "कशासाठी आलात?"

"घरी आलोय, साहेब," तो मराठीत म्हणाला. अधिकाऱ्यानं एकदा वर बघितलं आणि शिक्का मारला.

इंदापूरला फरिदानं त्याला बघितलं आणि "किती वाळलास रं" म्हणत त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. सिकंदरनी पासपोर्ट हातात घेतला, त्याच्या फोटोवरून अंगठा फिरवला आणि परत दिला.

दुपारी यांगचेन अंगणात फरिदासोबत मेथी निवडत बसली होती. तिनं पासपोर्ट मागून घेतला.

"यावर तिकडं जाता येतं?"

तिकडं म्हणजे तिबेटला, ते धोंडुपला कळलं. "मागून बघता येईल, आमा. देतील का, सांगता येत नाही."

"तुझे आजोबा सातू पेरून निघाले होते," ती म्हणाली. हे तिनं त्याला आधी कधीच सांगितलं नव्हतं. "ओढ्याच्या काठी रान होतं. कापणीपर्यंत परत येऊ असं वाटलं त्यांना. दर वर्षी कापणीच्या दिवसांत जेवता जेवता थांबायचे. कुणी कापलं असेल, म्हणायचे." तिनं मेथीची एक काडी मोडली. "मला काही आठवत नाही. तू बघून ये. आणि मला सांग."

फरिदानं मेथीचं ताट बाजूला सारलं आणि तिचा हात हातात घेतला.

महिना संपला. धोंडुप लेथब्रिजला परतला आणि त्याच आठवड्यात त्यानं तिकडच्या प्रवासाचा अर्ज केला. त्याला आता वर्ष होत आलं. उत्तर आलेलं नाही. दर रविवारी यांगचेन आधी त्याच्या जेवणाची चौकशी करते. मग विचारते, "आलं काही?"

"अजून नाही, आमा," तो म्हणतो आणि लगेच फोन ठेवत नाही. तीही ठेवत नाही.