पूर्वीइतकंच

'आपल्या मूळ मदतीत कोणताही बदल झालेला नाही,' असं पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं आणि तरीही खात्यात पैसे कमी आले होते. टाकेबाईने पत्र दोनदा वाचलं, मग उलटं करून मागची बाजू पाहिली. मागे काहीच नव्हतं.

टाकेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात फाटलेल्या चादरी आणि उसवलेले गाऊन शिवायला ती बसायची, म्हणून सगळे तिला तसं म्हणत. कसलाही फाटका कपडा हातात घेतला की तो कुठून फाटला हे तिला चटकन कळायचं. या पत्राचं मात्र काही केल्या टोक सापडेना.

घरखर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत वाढ झाली तेव्हा पत्रात 'तात्पुरती' असा शब्द होता, नाही असं नाही. पण मुदत तीनदा संपली आणि तीनही वेळा वाढवून मिळाली. चौथं पत्र आलं ते तिने न वाचताच डब्यात ठेवलं. धुलाईखान्यात एका नळावर 'तात्पुरता बंद' अशी पाटी होती आणि ती कामाला लागली त्या दिवसापासून तो नळ बंदच होता. तात्पुरतं म्हणजे कायमचं, अशी तिची साधी समजूत.

त्या वाढीने घरात फार काही झालं नव्हतं. नवा पंखा नाही की नवे पडदे नाहीत. एवढंच झालं की ती, नवरा आणि सासूबाई असे तिघंही संध्याकाळी टेबलाशी बसून गरम जेवू लागले. अंडी असत, दूध असे. आणि त्याच सुमाराला सासूबाईंना भूक लागायला लागली, ही टाकेबाईची सगळ्यात मोठी कमाई.

त्याआधी सासूबाई संध्याकाळी ताटावर बसतच नसत. "मला नाही गं या वेळी भूक, छातीशी जळजळतं," म्हणत भिंतीकडे तोंड करून पडून राहत. हातापायांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. एकदा घसरून मनगट मोडलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "यांच्या अंगात काही उरलेलं नाही. पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत." टाकेबाई घाबरली. तिने इस्पितळातल्या कंपाउंडरला गाठलं, त्याने भुकेचं गुलाबी औषध दिलं, आणि महिन्याभरात सासूबाई दुसरं अंडं मागून घेऊ लागल्या! टाकेबाईने त्या औषधाचा असा काही डंका पिटला की इस्पितळातल्या निम्म्या आया आपापल्या सासवांसाठी ते घेऊन गेल्या. कंपाउंडर दर महिन्याला तिला एक बाटली फुकट द्यायचा, ती सासूबाईंच्या उशाशी नेऊन ठेवायची. "माझं मी घेईन हो," सासूबाई म्हणायच्या.

पत्राचा उलगडा करून घ्यायला तिने अर्धी रजा टाकली आणि कचेरीत गेली. खिडकीमागच्या कारकूनबाईंना सर्दी झाली होती.

"बाई, तुमचं काहीही कमी झालेलं नाही," त्या रुमालातून म्हणाल्या.

"मग कमी कसे आले?"

"कमी नाही आले. पूर्वीइतकेच आलेत."

"मागच्या महिन्याइतके?"

"मागच्या महिन्यात वाढ होती. पूर्वी म्हणजे वाढीच्या पूर्वी."

"म्हणजे वाढ कमी केलीत."

"वाढ कमी नाही केली, वाढ संपली. तुमची मदत आहे तशीच आहे." कारकूनबाई शिंकल्या, मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "बघा, पूर्वी यातच तुमचं भागत होतं ना?"

"भागत होतं," टाकेबाई म्हणाली. खोटं कशाला बोला?

"मग झालं तर."

जिना उतरताना ती मध्येच थांबली. भागत होतं हे खरं, पण कसं? तिला काही केल्या आठवेना. आपणच जगलेले दिवस आपल्यालाच आठवू नयेत, याची तिला लाजही वाटली आणि भीतीही.

नवरा रंगारी. संध्याकाळी तो मोरीत बसून टर्पेंटाइनने नखं पुसत होता.

"अहो, आपण पूर्वी कसं भागवायचो?"

"भागायचं."

"अहो, पण कसं?"

त्याने विचार केला. "तू तेव्हा जादा शिवण आणायचीस."

"ते तर आता जास्त आणते."

"मग मी विड्या कमी ओढत असेन."

"तेव्हाच तर धुराडं झालं होतं तुमचं."

दोघांनी डोकं खाजवलं. भाडं तेच होतं, विजेचं बिल साधारण तेच होतं. "माणसंही तीनच होतो ना?" नवऱ्याने विचारलं. "तीनच," टाकेबाई म्हणाली. पलीकडे सासूबाई लोकर गुंडाळत होत्या. त्यांचा हात जरासा थांबला आणि पुन्हा चालू लागला.

टाकेबाईने नेहमीसारखं टेबल मांडलं. तीन ताटं, तीन अंडी, उकडलेले बटाटे. सासूबाई खाटेवरून उठल्या नाहीत.

"तुम्ही दोघं जेवून घ्या. मला नाही गं या वेळी भूक. छातीशी जळजळतंय."

"औषध संपलं ना? आई, सांगायचं नाही का!" टाकेबाई वाकली आणि बाटली शोधायला तिने खाटेखालचं खोकं ओढलं.

खोक्यात बाटल्या होत्या. एक नाही, अकरा. अकराही काठोकाठ भरलेल्या आणि एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

"आई, हे काय? तुम्ही घेतलंच नाही?"

"टाकून कसं द्यायचं? औषध आहे ते." सासूबाई ओशाळल्या. "आणि तू एवढी खुशीत सगळ्यांना सांगत होतीस."

"मग भूक कशी लागली तुम्हाला?"

"भूक लागायला औषध कशाला लागतं गं?" सासूबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

टाकेबाई तशीच खाली बसून राहिली. पूर्वी कसं भागायचं ते तिला आता कळलं. तिला स्वतःचा संताप आला, सासूबाईंचाही आला. किती वर्षं रोज संध्याकाळी, तिच्या डोळ्यांदेखत!

"उठा," ती म्हणाली. "ताटावर बसा."

"अगं, खरंच नाही..."

"आईला माझंही वाढ," नवरा खाली बघत म्हणाला. "मला आज भूक नाहीये."

"मला तरी कुठे आहे?" असं टाकेबाईच्या तोंडून निघून गेलं, आणि भूक नसलेली तीन माणसं गरम ताटांकडे बघत राहिली.

शेवटी तिने सासूबाईंना दंडाला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं आणि अंडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मान खाली घातली आणि ते दोन घासांत संपवलं.

"उद्या मी परत कचेरीत जाते," टाकेबाई म्हणाली.

"आता काय सांगणार त्यांना?" नवऱ्याने विचारलं.

"मी चुकीचं बोलले म्हणून सांगते. पूर्वीही भागत नव्हतं."

"त्याने काय होणार?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली आणि आपलं अंडं तिने मधोमध कापलं.