काचेवरचं चुकीचं नाव

मित्रांनो, मी बोटाएवढी एक जुनी काच आहे. १९७६ साली पिंपरीच्या एका दवाखान्यात सुभद्राबाईंच्या स्तनातली गाठ काढली. तिचा कागदाहून पातळ काप माझ्यावर बसवला आणि त्याला गुलाबी-जांभळा रंग दिला. त्या दिवसापासून मी नुसती काच राहिले नाही.

डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. त्यांना जे दिसलं, ते मी अजून अंगावर वागवते. गाठ म्हणजे निपचित पडलेला गोळा नव्हे. तिच्यातल्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत होत्या. एवढ्या तोंडांना रक्त पुरेना, म्हणून गाठीने जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावले होते. नव्या चाळीसाठी नळजोड ओढून घ्यावेत तसे. डॉक्टरांनी त्याच दिवशी लिहिलं, 'कर्करोग. पुढची शस्त्रक्रिया ताबडतोब करावी.' त्यांचं काम चोख होतं.

माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे. दवाखान्याचं कार्ड नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेलं. म्हणून रिपोर्टवर आणि माझ्या टोकावरच्या चिठ्ठीवरही नवऱ्याचंच नाव लिहिलं, ज्योतीराम. गाठ बाईच्या स्तनाची आणि नाव पुरुषाचं. कोणालाही खटकलं नाही.

पंधरा दिवसांनी सुभद्राबाई रिपोर्ट न्यायला कुरुळी गावाहून एकट्याच आल्या. कार्ड ज्योतीरामच्या खिशात आणि तो शिफ्टला. माझी पेटी रिपोर्ट देण्याच्या खिडकीजवळच होती, म्हणून मी सगळं ऐकलं.

"सुभद्रा नावाचं काही नाही," कारकून लक्ष्मणराव म्हणाले. "मालकांचं नाव सांगा."

"आमी न्हाई घेत नाव."

"पण त्यांना नाव आहे ना?"

"हाय की."

"मग उखाण्यात घ्या. आम्हीपण ऐकू."

बाकावरची माणसं हसली. बाई तोंडाला पदर लावून निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, तर लक्ष्मणरावांनी दारातच विचारलं, "काय बाई, उखाणा पाठ झाला का?" त्या उंबऱ्यातूनच वळल्या. घरी म्हणाल्या, "रिपोर्ट न्हाई आला अजून." ज्योतीरामने ते खरं मानलं आणि ओव्हरटाइम करत राहिला.

रिपोर्ट चार महिने खणात पडून होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. पेशी मात्र थांबल्या नाहीत. वाढायला त्यांना कार्ड लागत नाही.

बाईंच्या काखेत गाठी आल्या, तेव्हा ज्योतीराम स्वतः आला. नाव सांगताच रिपोर्ट मिनिटात सापडला.

"गाठ तिची, अन् नाव माझं कसं?"

"पद्धत आहे, राव."

त्या पद्धतीपायी आणि त्या हसण्यापायी सुभद्राबाई वर्षाच्या आत गेल्या.

नंतर ज्योतीरामने मला मागून घेतलं. ब्लेडने चिठ्ठी खरवडली, नवी लावली आणि तिच्यावर 'सुभद्रा' लिहिलं. अठरा वर्षं त्यानेही तिला नुसतं 'अगं' म्हणूनच हाक मारली होती.

मित्रांनो, तुमची आई किंवा आत्या गाठ लपवत असेल, तर तिच्यासोबत जा. खिडकीशी तिचं नाव मोठ्याने सांगा. ते कागदावर लिहिलं जाताना बघा. कोणी हसलं तर हसू द्या. रिपोर्ट हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.